पुलाची कळ

पलंग आज वर चढला.
येल्मरने बिअरचे चार रिकामे क्रेट आणले,
एकेका पायाखाली एकेक,
कारण हिंकेने बजावलंय : ऐंशी सेंटिमीटर,
सुइणीची कंबर मोडता कामा नये.
आता झोपायचं तर स्टुलावर चढायचं,
पोट आधी, मागून मी.

विमा कंपनीचा खोका कधीचा येऊन पडलाय.
कापसाच्या घड्या, नाळेचा चिमटा, मेणकापड.
तीनदा उघडून पाहिला,
तीनदा होता तसा मिटवला,
दुसऱ्या कुणाचं टपाल असल्यासारखा.

सात वर्षं मी पुलावर आहे.
कळ दाबायची : आधी घंटा, मग फाटक,
मग डांबरी रस्त्याचा एक तुकडा
सायकलींच्या पांढऱ्या पट्ट्यासकट
आभाळाकडे उठतो.
खालून शिडं सरकतात.
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट मी खाली सोडते,
नावाडी त्यात टोल टाकतात,
एकाने एकदा बोराएवढा मासा टाकला होता.
पूर्ण उघडायला नव्वद सेकंद.
कुणी हॉर्न वाजवला तरी नव्वदच.

मोठी कळही साधारण एवढीच असते, हिंके म्हणाली.
तेव्हापासून पूल उठला की मी जबडा सैल सोडायची,
खांदे खाली,
आणि पोटातून एक लांब ऊऊ,
गोठ्यातल्या गाईला लाज वाटेल असा.

वर्गात मुठीत बर्फ धरायला दिला, एक मिनिट.
माझा चाळिसाव्या सेकंदाला पडला.
कुणी काही बोललं नाही.
बर्फ सतरंजीवर विरघळत राहिला.
रात्री घरी गोठलेले वाटाणे घेऊन बसले,
पन्नास.
मग वाटाण्यांचं सूप केलं.

आई म्हणाली, तुझ्या वेळचं मला काहीच आठवत नाही.
बटाटे सोलत राहिली.
दोन बटाट्यांनंतर म्हणाली,
तुझ्या बापाच्या हाताला चावले होते.
बाबांनी बाही सरकवून हात पाहिला, दोन्ही बाजूंनी.
काहीच नव्हतं.
जरा हिरमुसलेच.

आणि मी सुई मागितली तर?
हे मी हिंकेला दारात विचारलं, तिने कोट चढवल्यावर.
तर सुई मागायची, ती म्हणाली.
लेउवार्डन वीस मिनिटांवर,
पूल उघडा नसेल तर.
आणि एक पाय सायकलवर टाकून,
मागण्यात हरणं नसतं, वित्स्के.
मला ते पटलं.
तरी रात्री परत पटवून घ्यावं लागलं.

रजा लागली. पुलावर आता सीबे आहे.
ऑक्टोबरचा शेवट, बोटीही थोड्याच.
काल कडक टोस्ट आणायला गेले,
आणि वरून पेरायच्या बडीशेपेच्या गोळ्या,
गुलाबी एक पुडा, निळा एक,
कारण आम्ही विचारलेलंच नाही.
परतताना घंटा वाजली.
फाटक माझ्या नाकासमोर उतरलं.
सात वर्षांत पहिल्यांदा मी या बाजूला,
सायकलवाल्यांत, पिशवी घेऊन,
आणि माझ्या हातात कळ नाही.

तेवढ्यात ती आली.
पाठीतून, कमरेला वळसा घालून पुढे,
कुणीतरी पट्टा आवळावा तशी.
मी कठडा धरला.
रस्ता उठत गेला.
माझा ऊऊ निघाला,
शेजारच्या पोराने आईकडे पाहिलं,
आईने माझ्याकडे,
आणि तिने हळूच माझ्या हातातली पिशवी घेतली.
तपकिरी शिडाची एक जुनी बोट
कुणाच्याच घाईत नव्हती.

पूल खाली आला. सगळे निघाले.
पिशवी परत माझ्या हातात.
ती खरी होती का, कळलं नाही.
नव्वद भरले का, तेही नाही,
मोजायचंच राहून गेलं.

घरी येल्मर स्टूल धरून उभा.
मी चढले.
इतक्या उंचावरून खिडकीतून कालवा दिसतो,
हे आजवर माहीत नव्हतं.