पुढचं पान

मंगळवारी कुपटीचा बाजार.
सतरा वर्षं मी तिथं बसते,
मिरचीवाली अन् दोरखंडवाल्याच्या मधल्या हातभर जागेत.
ताडपत्रीवर चार शुभवर्तमानं, साठ-सत्तर पत्रकं,
उडू नयेत म्हणून त्यांवर अडाण नदीतले गोटे.

लोक घेतात. नाही कोणी म्हणत नाही.
कोणी कपाळाला लावून खिशात घालतं,
कोणी विचारतं, मिशनच्या दवाखान्यात अजून चष्मे देतात का.
एक म्हातारा दर वेळी म्हणतो,
"बाई, देव तं आमच्याकडंही लय हायेत,
तुमचा एक नेला तं त्याले ठेवू कुठी?"
तो हसतो. मीही हसते.
बाजार उठता उठता दिसतात
कलीमच्या गाड्यावर माझीच पानं,
शंकूसारखी वळलेली, खाऱ्या दाण्यांनी भरलेली.

एकदा भांडले होते त्याच्याशी.
"मी कागद चोरत नाही, आपा," तो म्हणाला,
"पोट्टेच आणून देतात, मूठभर फुटाण्यासाठी."
मग भांडण सोडलं.
पास्टरसाहेबांना मात्र कधी सांगितलं नाही.
वहीत लिहीत गेले: वाटली, बेचाळीस. वाटली, पन्नास.

फाल्गुनात एक बाई आली.
हातात तेलकट कागद,
मांडीवर घासून घासून सपाट केलेला.
"हे तुमचंच ना?
माह्या नातीनं वाचलं. चवथीत हाय, अक्षराले अक्षर लावते.
पोट्टा बापाजवळून हिस्सा घेऊन गेला,
पैसा उडवला, डुकरं राखले,
अन् भुकेपायी डुकराच्या शेंगा…
इथंच फाटलं.
मंग? पुढचं पान कुठी हाय?"

पुढचं पान कोणाच्या दाण्याखाली गेलं
ते देव जाणे, नाही तर कलीम.

पुस्तक माझ्या गुडघ्यापाशीच होतं.
का कोण जाणे, उघडलं नाही. तोंडानंच सांगितलं.
तो उठला, म्हटलं. घराकडं निघाला.
अजून लांब होता, तेव्हाच बापानं पाहिलं,
अन् म्हातारा पळत सुटला…

तिनं हात वर केला.
"पळाला? बाप?"
"हो."
"लोकायसमोर?"
"हो."
बराच वेळ ती दोरखंडाच्या वेटोळ्याकडं बघत राहिली.
मग हळूच,
"अन् माय?
त्याची माय कुठी होती वो?"

सतरा वर्षं. त्याआधी बायबल शाळेची दोन.
त्याआधी रविवारची शाळा, फलालैनीची पाटी,
तिच्यावर चिकटवलेला तो पोरगा, तो बाप,
डुकरं, अंगठी, जोडे, पोसलेलं वासरू.
चिकटवायला माय कोणी दिलीच नव्हती.
अन् मी, तीन लेकरांची माय,
मागितलीही नव्हती.

"लिवलं नाही," मी म्हणाले.
"मेली असंन."
"असंन."
"नाई तं चुलीपाशी असंन. तेवढ्या लोकायचं रांधलं कोणं?"

मग तिचं तिनंच सांगितलं.
नाव पंचफुला. लेक सुखदेव,
पाच वर्षांमागं तिचे चांदीचे गोठ घेऊन सुरतेला गेला.
त्याचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिलाय,
लागत नाही,
पण पोतेरं फिरवताना तेवढी भिंत ती सोडते.

पुस्तक देऊ केलं. नको म्हणाली.
"तुमी वाचा. सापडली तं सांगा."
पावशेर मिरच्या घेतल्या
अन् तो तेलकट कागद परत घडी करून पोलक्यात ठेवला.

त्या रात्री दिव्याखाली तो अध्याय
बोट ठेवून ठेवून वाचला, नातीसारखा.
ओळींमध्ये, ओळींच्या मागं.
चुलीचा धूर तेवढा आला डोळ्यांत.
वहीत आकडा लिहिला नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.
मी बसते. गोटे ठेवते.
कोणी थांबलं तर हीच गोष्ट सांगते आता,
बाप पळत सुटतो तिथवर,
अन् मग थांबून
समोरच्या बायांच्या तोंडांकडं बघते.