आधी बंद करा

भिजलेला फोन चालू होतो का म्हणून
बटण दाबून बघू नका.
एवढं एक ऐकलंत तरी माझं निम्मं दुकान ओस पडेल.
पडू दे.
नार्वेच्या फेरीबोटीवरून वाकून फोटो काढणारे
महिन्याला दोघे तरी येतात डिचोलीत,
फोन उकड्या तांदळाच्या डब्यात पुरून.
तांदूळ पेजेसाठी असतात हो.
चार्जिंगच्या भोकातून मी चिमट्याने कणी काढतो
आणि कुमुद माजिक विचारते,
"हे परत डब्यात टाकू ना?"
बंद करा, पुसा, सिमकार्ड काढा,
पंख्याखाली उभा ठेवा, भोक खाली करून.
पाणी खारं असेल तर त्याच दिवशी आणा;
मीठ आत बसून खात राहतं,
खिडकीचे गज खातं तसंच.

संगणक तापतो, घुरघुरतो,
म्हणून लगेच नवा नको.
झाकण उघडलं की आत खाणीची तांबडी माती,
ट्रक बंद होते त्या वर्षांतलीसुद्धा.
दाढीचा जुना ब्रश चालेल, कोरडा हवा.
पंख्याचं पातं बोटाने धरा, गरगरू देऊ नका.
तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते.
(व्हिसेंतला हे सांगेपर्यंत
त्याचं फुंकून झालं होतं.)

गडगडलं की राउटरचं नुसतं बटण नाही,
पिनच उपटा.
मुंग्यांना त्याची ऊब आवडते, तेवढं बघा.
आणि जागा भरली म्हणून रात्री रागारागाने
काही पुसू नका.
माझ्या मावसभावाने सुप्रभाताचे नऊशे गुलाब पुसले,
त्यांच्यासोबत मुलीचा बालवाडीतला पहिला दिवस.
दुसरी प्रत ठेवा, दुसऱ्या घरात.
माझी होती, त्याच कपाटात, वरच्या फळीवर.
वाळवीला फळ्या मोजता येत नाहीत.

आता पासवर्ड.
मला सांगू नका. कुणालाच सांगू नका.
मी पाटी लावली आहे, तरी सांगतात,
काउंटरवर, मोठ्याने, चार माणसांत.
कुष्टा गांवस आपल्या बसचं नाव सांगतो,
तारवटी जुझे त्याला सोडून गेलेल्या जहाजाचं,
कुणी गायीचं, कुणी लॉटरीच्या आकड्याचं.
माणसाला जे विसरता येत नाही
तेच तो कुलपाला लावतो,
म्हणून ते कुलूप सगळ्यांना उघडता येतं.

हळर्णकर बाई आल्या तेव्हा दुकानात मी एकटाच होतो.
अकरा वर्षांचा लॅपटॉप, पेन्शनचे कागद त्यात.
मी म्हणालो, तुम्हीच टाइप करा.
त्यांना चष्मा सापडेना. त्यांनी सांगितलं.
एक नाव, आणि पुढे एक साल.
त्यांचे मिस्टर मला ठाऊक आहेत,
बँकेच्या रांगेत माझ्या बाबांच्या पुढे उभे असायचे.
ते नाव त्यांचं नव्हतं.
ते मी इथेही लिहीत नाही.
मी एकेक अक्षर दाबलं
आणि विचारलं, माऊस डाव्या हाताला हवा की उजव्या?

आठवड्याने परत आल्या.
"बदलायचा आहे."
म्हणालो, एकमेकांशी नातं नसलेले तीन शब्द घ्या.
भोपळा, कंदील, तिकीट, असे.
हे नकोत पण, हे मी बोलून बसलो.
वहीत लिहिलात तरी चालेल,
फक्त लॅपटॉपच्या पिशवीत ती वही नको.
मी पाठ फिरवून वाळपईची बस बघत राहिलो,
ती भरली, सुटली, कोपऱ्यावर अडली,
मागे कळ दाबल्याचा आवाज,
थांबून, पुन्हा एक.

"झालं," म्हणाल्या.
मग, पर्सची चेन लावता लावता,
"जुना कुठे जातो हो?"
खोटं सांगता आलं असतं.
म्हणालो, मशीन तो आत कुठेतरी ठेवतं.
तोच पुन्हा लावायला गेलात
तर ओळखतं,
आणि घेत नाही.

"बरं आहे," म्हणाल्या.
पन्नास रुपये दिले.
मी तीस घेतले.