कालवांची शाळा

आमच्या किनाऱ्यावर कालवांनाही शाळा असते.
पॅरिसला धाडण्याआधी हौदातलं पाणी सोडून देतो आम्ही,
पहिल्या दिवशी तासभर,
मग दोन तास, मग अख्खी रात्र.
ज्याने शिंपला उघडला, त्याच्या पोटातला समुद्र सांडला.
काही आठवड्यांत ती शिकतात
कोरड्यातही मिटून राहायला.

बावीस वर्षांची होते तेव्हापासून मी त्यांना हे शिकवते आहे.
मला कुणी शिकवलं नव्हतं.

येवान चार किलो शंभरचा.
एकोणीस तास कळा, मग चिमटा.
सगळे म्हणाले, बाळ कसं गुटगुटीत.
सातव्या आठवड्यात, उधाणाच्या ओहोटीत,
जाळीचं पोतं उचललं
आणि खाली काहीतरी उतरलं.
दुखलं नाही.
दुखलं असतं तर कुणाला सांगता तरी आलं असतं.
बुटात मोजा घसरत जावा
तसं अंगातलं अंग घसरलं
आणि मी पोतं खाली न ठेवता तशीच ट्रॅक्टरपर्यंत चालत गेले.

रात्री न्हाणीघरात आरसा फरशीवर ठेवून उकिडवी बसले.
रोज शेकडो कालवं उघडणारी बाई मी,
ओलं, गुलाबी, उघडं काही बघून
कधी मान वळवली नव्हती.
आरसा पालथा घातला.

तांगी विचारत राहिला, काय होतंय?
म्हटलं, पाठ.
आमच्याकडे बायका सगळं पाठीवरच ढकलतात.

रोझेन केर्वेला, सुईण, बेकरीच्या वरचा मजला.
खोलीला सकाळी पावाचा वास.
"मूत्राशय खाली आलंय, दुसरा टप्पा," ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, ओहोटी सव्वाचारला.
कागदावर तिने एक झोळी काढली
पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत टांगलेली,
मधे सैल.
"श्वास सोड. सोडता सोडता उचल."
काय उचलू?
"समज, खाली एक वाटाणा आहे."
मला हसू फुटलं, हसता हसता दोन थेंब गळाले,
तिने खिडकीबाहेर बघत
कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला.

दहा बैठका, विम्यात बसणाऱ्या.
पाच मोज. सोड.
सोडतानाही घाई नको, म्हणायची,
सतत आवळलेली मूठ काही कामाची नसते.
शिंकेच्या आधी. खोकल्याच्या आधी.
येवान दोन्ही हात वर करून उभा राहिला की
त्याला उचलण्याच्या आधी.

आणि एक कडी, सिलिकॉनची,
सकाळी आत, रात्री बाहेर,
साबणाने धुऊन बशीत.
तांगीने ती एकदा जॅमच्या बरणीची समजून
स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली.
मग सांगावंच लागलं.
तो बराच वेळ बरण्यांकडे बघत राहिला.
दुसऱ्या दिवसापासून पोती त्याने अर्धीच भरली,
बोलला काही नाही.

पूर्वीसारखं होईल?
रोझेनने हातमोजे काढले.
"पूर्वीसारखं, नाही.
बरं, हो. पुष्कळ बरं."

आईला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती.
"मलाही," ती म्हणाली. "तू झालीस तेव्हापासून."
साल तुटू न देता पुढचा बटाटा घेतला.

तेहतीस वर्षं.
चर्चमध्ये दाराजवळचा शेवटचा बाक,
आम्हाला वाटायचं, नम्रपणा.
माझ्या लग्नात नाचली नाही,
आम्हाला वाटलं, तांगी पसंत नाही.
इतकं मिटून राहणारं कालव
मी अजून एकही बघितलेलं नाही.

संध्याकाळी त्याच टेबलाशी मी मोजायला बसले,
एक, दोन, तीन,
आईचा चाकू थांबला.
सहाला तिची हनुवटी जराशी वर गेली,
गाल फुगले.
"श्वास धरू नकोस," मी म्हटलं.
"गप्प बस," आई म्हणाली,
"मोज."