दुसरा पंप

सुपीरियर सरोवर गोठलं
की माझ्या तळघरात समुद्र उरतो:
नव्वद गॅलनचा, पोत्यातलं मीठ कालवून केलेला,
पंचवीस अंशांवर राखलेला.
थंडर बेच्या या गल्लीत
खारं पाणी एवढंच.

जिन्याखालच्या फळीवर त्याचा राखीव संसार.
एक पंप व्हिनेगरमध्ये पडून आहे,
बरणीतल्या काकडीसारखा.
हीटर दोन, दोन्ही लहान.
मोठा एकच घेतला आणि तो अडकून चालूच राहिला
तर सकाळी टाकीत रस्सा तयार असतो.
(हे मला कुणी सांगितलेलं नाही.)
बॅटरीवरचा हवेचा पंप,
वीज गेल्याचं त्याला माझ्याआधी कळतं.
झाकणाच्या बादल्यांत कालवून ठेवलेलं पाणी,
फ्यूज, नळ्या, नळ्यांचे चिमटे,
आणि पेट्रोलवरचा एक छोटा जनरेटर,
त्याला मी महिन्याच्या पहिल्या रविवारी
दहा मिनिटं ओरडू देतो.

त्या दहा मिनिटांवरून डेल्मा नाबिगॉन
कुंपणापलीकडून नऊ वर्षं बोलते आहे.
'वेइक्को, तुझ्याकडे सगळं दोन दोन.
अक्कल तेवढी एक,
तीही कुठल्या फळीवर ठेवलीस कुणास ठाऊक.'
मी बंदरावरच्या धान्यकोठारात
अठ्ठावीस वर्षं रात्रपाळीचा वायरमन.
यंत्र सांगून बंद पडत नाही,
आणि पडतं तेव्हा दुकानाला सुट्टी असते.
पण हे तिला कोण सांगणार.

मार्चमध्ये एका संध्याकाळी
बर्फाऐवजी पाणी पडलं,
आणि टेकेल तिथे काच होऊन बसलं.
तारांवर बोटभर काच.
बर्चच्या फांद्या गोळी सुटावी तशा मोडत होत्या.
नऊ वाजून दहा मिनिटांनी गल्ली विझली.
तळघरात हवेचा पंप आपणहून गुरगुरला.
खरं सांगतो, मला आनंद झाला.
नऊ वर्षांचा अभ्यास
अखेर परीक्षेला बसला.

जनरेटर दारात ओढला, दोरीला हात घातला,
तेवढ्यात पलीकडच्या खिडकीत टॉर्च हलला.
डेल्माचं प्राणवायूचं यंत्र.
नाकातली नळी
माझ्या हवेच्या नळीच्याच जाडीची.
सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यावर.
तिने मागितलं नाही.
मीही विचारलं नाही.
तिचं यंत्र, तिच्या भट्टीचा पंखा,
एवढ्यातच जनरेटर धापा टाकू लागला.
माझ्यापुरता त्यात थेंब उरला नाही.

घरी येऊन गॅसवर पाणी तापवलं,
बाटल्यांत भरलं, बुचं आवळली,
टाकीत तरंगत सोडल्या.
वर दोन घोंगड्या.
दोन वाजता हवेच्या पंपाची बॅटरी गेली.
मग हातात मापाचा जग.
उचलायचं, हातभर उंचीवरून सोडायचं.
उचलायचं,
सोडायचं.
चोवीस. बावीस.
जोकरमासे एकमेकांना चिकटून.
साफसफाई करणारी कोळंबी मात्र
माझ्या नखांवर येऊन कामाला लागली,
वीज असो नसो.
आणि मी कान देऊन होतो
कुंपणापलीकडच्या त्या ओरडण्याला:
थांबू नकोस, बाबा,
थांबू नकोस.
एकवीस.

अकरा वाजता दिवे आले.
हातोडी प्रवाळ चार दिवस मिटून राहिलं,
मग उघडलं, अर्धंच.
उरलेलं अर्धं पांढरं, तसंच आहे.
माझा उजवा खांदाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी
मी काहीच सुरू केलं नाही, सुरू करायला काही नव्हतंच.
डेल्मा कुंपणाशी, नळीसकट, चिडलेली:
'दहा वाजले. माझ्या शेडमध्ये कोण येणार, तुझे मासे?'
गेलो. दोरी ओढली.
ती घड्याळ धरून उभी.
दहा मिनिटं झाल्यावर म्हणाली, 'अजून दोन.'

जिन्याखालच्या यादीत एक ओळ वाढली:
दुसरा जनरेटर.
मग 'दुसरा' खोडलं.