नोंदवही क्रमांक एक

बस, अयझार्किन. आधी हात पुसून घे.
लोण्याच्या बोटांनी उघडायची ही वही नव्हे.

पहिलं पान लिहिलं तेव्हा संग्रहालय नव्हतं,
नुसता शिक्का होता, गोल, टपालानं आलेला :
‘राष्ट्रीय ललित कला संग्रहालय’.
ललित म्हणजे काय हे विचारायला
तोक्तोसून तीन दिवस घोड्यावरून गेला म्हणे.
खरं नसेल. आमच्या प्रत्येक गोष्टीत एक घोडा असतोच.

मग आगगाडीनं पेट्या आल्या, गवतात गुंडाळलेल्या.
गवत आईनं शेजारच्या गाईला घातलं,
चित्रं लावली धान्याच्या कोठारात.
क्रमांक एक : समुद्र, वादळापूर्वी.
डोंगरावरून मेंढपाळ उतरले बघायला.
इसिक-कूलच्या काठी जन्म गेलेला एक म्हातारा
टोपी हातात धरून तासभर उभा,
शेवटी म्हणाला,
‘पाणी ठीक आहे. पण पलीकडचा काठ कुठे?’

हे नववं पान. इथं कागद खरवडलाय, बोट फिरवून बघ.
क्रमांक दोनशे चौदा : जर्दाळू वाळवणाऱ्या बायका.
चित्रकार : अज्ञात.
हा अज्ञात आमच्याकडे चहाला यायचा.
मुरंबा तीन चमचे घ्यायचा, आई रागवायची.
एका रात्री गाडी आली. सकाळी वरून हुकूम,
चित्र राहू द्या, नाव काढा.
ब्लेड आईच्याच हातात दिलं होतं.

युद्धाच्या वर्षांत नोंदी नाहीत.
समुद्राखाली खाटा होत्या.

पुढं देश बदलला. पाटी बदलली, खिळे तेच.
आठ महिने पगार नाही, छत गळायचं,
आम्ही घमेली घेऊन चित्रांखाली धावायचो,
आणि दाराच्या फटीत आईचा जुना नमदा कोंबलेला,
लाल-काळा, शिंगांच्या नक्षीचा.
तो एका परदेशी बाईनं ओळखला. उकिडवी बसली ती दारात.
आता काचेत आहे बघ,
क्रमांक चार हजार अकरा.
कर्ती : अज्ञात.
मी तिथंच उभी होते. मला कुणी विचारलंच नाही.

पेन घे. माझं अक्षर हल्ली थरथरतं.
खोडायचं नाही हं, तसा नियम आहे.
शेजारी लिही, बारीक, पण शाईनं :
बुरुलचा, झाडूवाली.
आता पान नववं.
ओमुरकान. हो, एवढंच. आडनाव आईनं कधी सांगितलं नाही,
बहुधा भीतीनं.

फुंकर मारू नकोस, आपोआप वाळू दे.
खाली शाळेची मुलं आलीत, दार उघडायला हवं.
त्यांतलं एखादं विचारेलच,
पलीकडचा काठ कुठे.