इतर हक्कात

पहाटे साडेपाचला मी डिझेलवरून चालायला निघतो.
कमरेला यंत्र, हातात काठी, पाठीवर कंपनीचं नाव.
खांब दोनशे बारापासून दोनशे वीसपर्यंत,
आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं.
कुठं थांबलो, किती मिनिटं, यंत्राला कळतं.
कशाला थांबलो
एवढं कळत नाही.

खाली दीड मीटरवर ते वाहतं.
आवाज नाही, वास नाही.
वर करडई काट्याला आलेली.
परका माणूस बघून म्हणेल, रान आहे.

रानच आहे. लगमव्वाचं, माझ्या आत्याचं.
सात-बारा अजून तिच्याच नावावर.
मालकी तुमचीच बरं का, असं चारदा सांगून गेले लोक,
आम्ही फक्त वापरायचा हक्क घेतो.
अठरा मीटर रुंद, या बांधापासून त्या बांधापर्यंत,
पोरीचा भांग पाडावा तसा मधोमध.
ज्वारी पेरा, हरभरा पेरा, आमची काही ना नाही.
विहीर नको. घर नको. झाड नको.
ज्याची मुळं खाली जातात असं काहीच नको.
आणि तलाठ्यानं इतर हक्कात
बारीक अक्षरात एक ओळ घातली.

एकवीस दिवसांत हरकत घ्या, असं पेपरात आलं होतं.
तो पेपर आमच्यात येत नाही.
आला तो विसाव्या दिवशी, खारकेच्या पुडीला.

आत्या सोलापूरला गेली, सात रस्त्याजवळच्या कचेरीत.
साहेब चांगला होता. खुर्ची दिली, पंखा लावला,
देशाला तेल किती लागतं ते सांगितलं.
आत्यानं सगळं ऐकलं, मग म्हणाली,
साहेब, तुमच्या घरातून एक माणूस रोज रात्री जाईल,
तुम्ही निजलात की. दारातून शिरेल, परसातून निघेल.
कशाला हात लावणार नाही.
घर तुमचंच. फक्त मधल्या खोलीत खाट टाकायची नाही.
किती घ्याल?

साहेब हसला. कारकुनाचा पेन थांबला.
मग त्याच पेनानं त्यानं लिहिलं, हरकत नोंदवली,
आणि खालच्या ओळीला, फेटाळली.

पंचनाम्याला मीच टेपचं टोक धरलं होतं.
बोर एक. लिंब दोन. चिंच एक, अंदाजे वय साठ.
मग समाधीपाशी आलो
आणि पंच एकमेकांकडं बघायला लागले.
झाडाला रकाना होता, विहिरीला होता,
चन्नमल्लप्पा मामाला नव्हता.
लिहिलं, दगडी बांधकाम, चार बाय तीन फूट, जुने.
त्या ओळीचे पैसे आत्यानं अजून उचलले नाहीत.
बाकीचे उचलले. त्यात पत्रे झाले आणि म्हैस.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात.
म्हणजे मामा खाली बसलाय, हातात लिंग घेऊन,
पाइप त्याच्या खांद्याच्या पातळीला,
मधे नऊ फूट काळी माती.
कुठल्यातरी विमानाचं, कुठल्यातरी टँकरचं
रात्रंदिवस त्याच्या शेजारनं जातं.
रोज मी रेघ सोडून नऊ फूट आत जातो, दगडाला हात लावतो.
यंत्र कुंईं करतं.
महिन्याच्या शेवटी कागदावर येतं: विचलन, सव्वीस वेळा.
सव्वीस म्हणजे रविवार सोडून.

आणि हा शेवगा.
पट्ट्याच्या बरोबर मधे, गुडघ्याएवढा,
भोवती आळं केलेलं, पाणी ताजं.
गेल्या वर्षी तीन होते, त्याच्या आधी पपई.
यंत्रावर बटणं चार: खोदकाम, बांधकाम, झाड, गळती.
बोट झाडावर ठेवून मी उभा.

बांधावर आत्या. पदर डोक्यावर, विळा हातात.
बघतोस काय बे, म्हणाली, उपट की.
लावायचं काम माझं. उपटायचा पगार तुला.
तुझी नोकरी टिकायला नको?

उपटला. मूळ माझ्या करंगळीएवढं,
पण सरळ खाली निघालेलं.

पाला फेकू नको, म्हणाली. इकडं दे.
भाजीला होतो.