सोळा नंबरची केबिन

शिडी धरायच्या आधी हातमोज्यांवर पाणी ओततो मी.
सकाळचे साडेनऊ. खोर खुवैरच्या डोंगरात
ऊन वरून येत नाही, दगडातूनच निघतं.

वर्कशॉपबाहेर सोळा नंबर उभी आहे, शंभर टनी,
चाकाच्या सावलीत दोन माणसं डबा खातील एवढी.
वहीत सुगुणननं लिहिलंय:
केबिनमध्ये धूळ.
खालच्या ओळीत: ड्रायव्हरला झोप येते.
दोन तक्रारी. त्याच्या लेखी दोन.

सीटखाली हात घातला तर पीठ,
चुनखडीचं, गिरणीतून नुकतं उतरल्यासारखं,
घामात भिजलं की बोटांवरच घट्ट होणारं.
घुग्घुसच्या खाणीत होतो तेव्हा नाक शिंकरलं की कोळसा यायचा.
इथं चुना.
(एजंटानं लावला तो वेगळा.)

ब्लोअर उघडला. ब्रश झिजलेत, पण फिरतो बिचारा.
इव्हॅपोरेटरच्या जाळीवर गिलावा बसलेला.
निचऱ्याची नळी बुजलेली, तार घातली,
भळकन् दूध सांडावं तसं पाणी माझ्या छातीवर.
मग बाहेरची हवा घेणारं तोंड खोललं:
काळी चिकटपट्टी, चार पदर,
आणि पट्टीच्या मागं कोंबलेली
एक लोकरीची टोपी.

गुलबादशाहला बोलावलं. बाजौरचा माणूस,
टोपी त्यानं ओळखली, पण ओशाळला नाही.
"तिथनं आग येते. जुलैत तंदूरचं तोंड
कोण उघडं ठेवतं, कन्नाके?"

खिशातून उदबत्ती काढली. दार लावून घेतलं,
ब्लोअर तीनवर, काडी बाहेरून रबराच्या फटीशी धरली.
धूर सरळ आत.
बिजागरीपाशी आत. काचेच्या कोपऱ्यात आत.
जिथं म्हणून फट, तिथं आत.
"ही कसली पूजा?"
"पूजा नाही. धूर कुठं जातो ते बघ."

टोपी काढली. झटकली तर दोघंही पांढरे झालो.
नवा फिल्टर, नवं रबर, कंडेन्सर धुतला, गॅस भरला,
मध्ये दुपारची सक्तीची सुट्टी झाली,
चार वाजता पुन्हा उदबत्ती.
धूर फटीपाशी आला, अडला,
आणि परक्या पाहुण्यासमोर पोर मागं सरतं
तसा मागं सरला.

त्याला सांगायचं कसं? माझी हिंदी, त्याची उर्दू,
दोन्ही जागोजागी वेल्डिंग केलेल्या.
"सगळं बंद केलंस, म्हणून धूळ येते.
बाहेरची थोडी घे. गाळून घे.
आत जोर राहिला की बाकीची बाहेरच राहते."
"आणि झोप?"
"ती तुझ्याच श्वासाची. सोडलेला परत घेत होतास."
बराच वेळ तो दाराचं रबर दाबत राहिला.
"आणि आग?"
आगीचं मी काय सांगू. म्हटलं, "सव्वीसच्या खाली येणार नाही."
"आमच्या डोंगरात सव्वीस म्हणजे उन्हाळाच,"
तो म्हणाला, आणि टोपी आरशाला अडकवून
रॅम्पकडे निघून गेला.

रात्री प्रेमिलाचा फोन.
"कूलर लय गुरगुरते जी, काऊन?"
फोन कूलरजवळ धरायला लावला. ऐकलं.
बेअरिंग. महिनाभर अजून ओढेल.
"अन् थंड बी होत नाही. नुसतं चिकचिक."
"समोरची खिडकी?"
"बंद. लू येते ना तिकडून."

मी हसलो की काय कोण जाणे, ती रागावली.
"तिकडं बसून सांगाले काय जाते तुमचं!"
तरी उठली. कडी अडकली असावी, दोनदा आपटली.
खिडकीबरोबर फोनमध्ये शेजारचा कुकर शिरला,
सिमेंटच्या ट्रकचा हॉर्न, बाबांचा खोकला.

"पडदा कोणीकडं जातो, बघ."
ती बघत होती.
"बाहीर," म्हणाली. मग, "थोडासाच."